तोलाजी विहिरीत उतरतो

मोठ्या दुष्काळाच्या साली लिंबाजी सोनकांबळे दहा-अकरा वर्षांचा होता, अंगानं काडीसारखा. कंधारच्या पलीकडं उमरवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या बौद्धवाड्याची विहीर त्या उन्हाळ्यात तळाला गेली. गावची मोठी विहीर निराळी होती आणि तिच्यावर आपली घागर लावायची सोय या लोकांना तेव्हा नव्हती. वाड्याच्या विहिरीत खालच्या कपारीतून थोडंथोडं पाणी पाझरायचं, ते वाटीनं भरून घ्यायचं. मोठा माणूस त्या कपारीत मावत नसे. म्हणून लिंबाजीच्या कमरेला दोर बांधून त्याला खाली सोडायचे. वर दोर धरायला बाप ग्यानोबा आणि माय पारूबाई.

एका सकाळी तो असाच वाटीनं घागर भरत होता, तर बाजूचा ढिला मुरूम ढासळला आणि छातीपर्यंत त्याच्या अंगावर आला. हाड मोडलं नाही, पण पोराला हलता येईना. "वर घ्या," म्हणून तो ओरडला. वरच्यांनी दोर ओढला तसा कमरेला काच बसला आणि तो जागचा तसूभर हलला नाही. शेवटी ग्यानोबा दगडांच्या खोबणीत पाय रोवत खाली उतरला आणि हातांनी माती उकरून त्यानं पोराला मोकळं केलं. तेवढ्या वेळात लिंबाजीनं वर बघितलं होतं. विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ, आणि त्यात दोन-चार काळी डोकी. त्यातलं एकही डोकं आपल्यापर्यंत येऊ शकत नाही, असं त्याला तेव्हा वाटलं.

तेव्हापासून खोल जागा दिसली की त्याचे गुडघे गळायचे. आड असो, पूल असो, माडी असो. आधी तोंडाला कोरड पडायची, मग पिंढऱ्या थडथड उडायला लागायच्या आणि मग तो असेल तिथं खाली बसायचा. शाळेत पोरं हसली. लग्नात वरातीच्या घोड्यावर तो चढलाच नाही, तेव्हा पाहुणे हसले. बायको चांगुणा तेवढी हसली नाही. तिनं विचारलं आणि त्यानं सांगितलं. तिच्याखेरीज त्यानं हे कुणाला सांगितलं नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा लिंबाजीला तिथल्या एका कचेरीत शिपायाची नोकरी लागली. नव्या जिल्ह्याला अजून स्वतःची इमारत नव्हती. उस्मानाबादेहून ट्रकनं आलेल्या फायली एका भाड्याच्या जुन्या घराच्या माडीवर कोंबल्या होत्या आणि माडीला जायला एक उभा लाकडी जिना होता, त्याला कठडा नव्हता. लिंबाजी भिंतीला पाठ घासत चढायचा आणि बसून, एकेक पायरी सरकत उतरायचा. कुणी बघत नसेल अशी वेळ तो साधायचा.

एक दिवस साहेबांनी खालून हाक मारली आणि तो हातात चहाची किटली घेऊन वरच्या पायरीवर उभा होता. बसायला वेळ नव्हता. त्यानं खाली बघितलं, पाय थरथरायला लागले, किटलीचं झाकण वाजायला लागलं, आणि तो ढुंगणावर बसून धबाधबा सगळा जिना घसरत साहेबांच्या पायाशी आला. किटली मात्र त्यानं सरळ धरली होती. त्याच अवस्थेत तो म्हणाला, "साहेब, च्या."

कचेरी हसून हसून बेजार झाली. साहेब हसले. माधवराव नावाचे हेडक्लार्क होते, त्यांना नाटकाचं वेड. ते हसले नाहीत, बघत राहिले. संध्याकाळी त्यांनी लिंबाजीला बाजूला घेतलं.

"लिंबाजी, हे जिन्यावर केलंस ते स्टेजवर करशील का?"

"मी केलं न्हाई साहेब, ते झालं."

"मग स्टेजवर होऊ दे."

नाही म्हणायची त्याची ताकद नव्हती. हेडक्लार्कला शिपाई काय नाही म्हणणार? कचेरीच्या स्नेहसंमेलनात त्याला एका स्टुलावर उभं केलं. स्टूल हातभर उंच, पण समोर अंधारात माणसं भरलेली. तो अंधार त्याला खड्ड्यासारखा वाटला. गुडघे वाजायला लागले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढं माधवराव त्याला स्पर्धेसाठी नांदेडला घेऊन गेले. तिथं मुंबईच्या टीव्हीवरचा एक निर्माता परीक्षक म्हणून आला होता, अवधूत त्याचं नाव. तरुण, दाढीवाला, बोलायला गोड माणूस. त्याला प्रहसनांचा एक कार्यक्रम बसवायचा होता, 'हसरी ओसरी' नावाचा. दर भागात तेच एक पात्र यावं आणि काहीही करायला गेलं की पडावं, एवढीच त्याची कल्पना. लिंबाजीला बघून त्यानं तिथल्या तिथं पात्राचं नाव ठरवलं. तोलाजी. तोल म्हणून ज्याला माहीत नाही तो तोलाजी शिपाई.

मुंबईला जायचं म्हटल्यावर लिंबाजीला झोप येईना. पण स्टुडिओत गेल्यावर एक नवल घडलं. तिथली जमीन सपाट होती. सगळीकडं उजेड होता. पडायच्या जागी गादी घातलेली आणि तिच्यावर सतरंजी. अवधूतनं त्याला शिकवलं, हनुवटी छातीला लाव, अंग सैल सोड, हात आधी टेकू नकोस. लिंबाजी एकदा पडला, दोनदा पडला. आपण पडणार आहोत हे आपल्याला आधी ठाऊक आहे आणि खाली गादी आहे, ही गोष्ट त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होती. तो पुन्हा पुन्हा पडला. खुर्चीवरून, पिठाच्या पिंपात, साहेबांच्या टेबलाखाली. थरथर मात्र त्याला मुद्दाम आणावी लागायची. त्यासाठी तो मनात एकदा खाली बघून घ्यायचा, लगेच डोळे वर घ्यायचा. तेवढ्यावर काम भागायचं.

महिन्यातून एकदा तो रजा काढून मुंबईला जायचा, पडायचा आणि परत येऊन कचेरीत फायली उचलायचा. लातुरात त्याचं नाव झालं. पण त्याबरोबर एक नवीनच भीती त्याच्या मागं लागली.

लोक त्याला पाडायला लागले. मायेनंच पाडायचे. हॉटेलात तो बसायला लागला की कुणीतरी खुर्ची मागं ओढायचं. बसस्टँडवर एकानं पाय आडवा घातला, लिंबाजी फरशीवर आदळला, कोपर फुटून रक्त आलं आणि भोवती जमलेली माणसं डोळे पुसत हसत होती. "तोलाजी, पुन्हा एकदा," असं एक बाई कडेवरच्या लेकराला दाखवायला म्हणाली. लिंबाजीनं रक्तावर रुमाल दाबला आणि पुन्हा पडून दाखवलं. चिडलो तर लोक काय म्हणतील, याची त्याला धास्ती होती. तो भिंतीच्या कडेनं चालायला लागला. मागून कुणी आलं की थांबायचा आणि त्याला पुढं जाऊ द्यायचा.

चांगुणा कोपराला हळद लावत म्हणाली, "सोडून द्या की हे."

"सोडलं तर माधवरावसाहेब नाराज व्हतेत."

"आन तुमी?"

मुंबईच्या त्या गादीवर पडताना आपल्याला बरं वाटतं, हे तिला कसं सांगावं हे त्याला कळत नव्हतं.

जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली आणि पुन्हा पाऊस पळाला. एक पावसाळा कोरडा गेला, दुसराही तसाच. लातुरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम राहिला नाही. उमरवाडीत टँकर सुरू झाला. ग्यानोबा वारून बरीच वर्षं झाली होती आणि पारूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. टँकरच्या गर्दीत म्हातारी पडेल म्हणून लिंबाजीनं तिला लातूरला आणून ठेवलं. तिला माणसं सावलीसारखी दिसायची. पण आवाजावरून ती गल्लीतल्या प्रत्येकाला ओळखायची.

त्याच उन्हाळ्यात अवधूतचा निरोप माधवरावांच्या फोनवर आला. दुष्काळावर एक खास भाग करायचा आहे, लोकांना हसवता हसवता जागं करायचं आहे. आणि स्टुडिओत नाही, खऱ्या गावात, खऱ्या विहिरीत. गाव कुठलं, तर तोलाजीचंच. साहेब तोलाजीला हुकूम करतात की विहिरीत किती पाणी आहे ते मोजून ये. तोलाजी गाळ वर ओढायच्या यंत्राच्या, यारीच्या, टोपल्यात बसून खाली जातो. वरून साहेब विचारतात, पाणी किती? तोलाजी खालून म्हणतो, साहेब, माझा घाम धरून का सोडून?

माधवरावांना वाक्य फार आवडलं. "यंदा तू महाराष्ट्र गाजवणार," ते म्हणाले.

लिंबाजीच्या कानात नुसता घूं आवाज येत होता. "साहेब, विहीर नगं," तो म्हणाला. "टाकीत पडतो. हौदात पडतो."

"अरे, यारी आहे, लोखंडी टोपलं आहे, वर चार माणसं आहेत. भितोस काय?"

भितो, असं त्यानं म्हणायला हवं होतं. पण भिण्याबद्दलच तर लोक त्याला टाळ्या वाजवत होते. तो खरंच भितो असं त्यानं सांगितलं असतं तर माधवरावही हसले असते. त्यानं रजेचा अर्ज भरला.

चांगुणाला त्यानं 'गावाकडं शूटिंग हाय' एवढंच सांगितलं. विहिरीचं सांगितलं नाही. एस.टी.त कंधार येईपर्यंत त्यानं खिडकीबाहेर बघितलं नाही. रस्त्याच्या कडेच्या कोरड्या विहिरी ओळीनं मागं जात होत्या.

उमरवाडीत जत्रा लोटली होती. अवधूतनं विहीर ठरवून ठेवली होती. गावच्या मोठ्या विहिरीवर टँकर रिकामा होत असे, तिथं अडचण नको, म्हणून वाड्याची पडीक विहीर. लिंबाजी लांबूनच थांबला. काठाला एक वाकडी बाभूळ वाढली होती, बाकी सगळं तसंच होतं. यारीचा लोखंडी सांगाडा काठावर उभा केला होता, त्याला तारेचा दोर आणि दोराला टोपलं. चन्नबसप्पा नावाचा यारीवाला बिडी ओढत उभा होता.

"काई भेव न्हाई, तोलाजीराव," तो म्हणाला. "दगडं वर काडतो मी, तुमी तर दगडाहून हलके."

गाव हसलं. एकेकाळी या विहिरीकडं न फिरकणारी वरच्या आळीची माणसंही आज काठाला दाटी करून उभी होती. लिंबाजीला खाकी टोपी घातली. तो टोपल्यात बसला तेव्हाच त्याचे पाय थडथडत होते. कॅमेऱ्यामागून अवधूत म्हणाला, "वा, सुरुवात झाली. सोडा खाली."

टोपलं काठाखाली गेलं आणि गार, कुजका वास त्याच्या तोंडावर आला. कपारीतले पारवे फडफडत वर उडाले. लिंबाजीनं दोन्ही हातांनी तार धरली. डोळे मिटले तर माती छातीशी येत होती, उघडले तर समोरून विहिरीचे दगड वर सरकत होते. तो वर बघायला लागला. गोल आभाळ आणि त्याच्या कडेनं डोकी. या खेपेला मात्र ती डोकी हसत होती.

"वर घ्या," तो म्हणाला. आवाज फुटला नाही. मग फुटला. "वर घ्या मला. आरं वर घ्या की."

वर हशा पिकला. विहिरीत तो हशा फिरत फिरत खाली आला आणि त्याच्या डोक्यावर बसला. साहेबाचं काम करणारा नट काठावरून वाकला आणि आपलं वाक्य म्हणाला, "तोलाजी, पाणी किती आहे?"

"मरतो मी," लिंबाजी ओरडला. "माय वं, वर घ्या."

लोक पोट धरून हसत होते. अवधूतनं चन्नबसप्पाला हातानं खूण केली, जाऊ दे, आणखी खाली जाऊ दे. टोपलं तळाला टेकलं. लिंबाजी त्यातच गुडघ्यात डोकं घालून बसला. तोंडात टोपीची कड धरून तो नुसता हुंकारत होता. त्याची विजार ओली झाली. किती वेळ गेला हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. कॅमेऱ्याचं काम झालं, तेव्हा यारी फिरली आणि तो वर आला.

काठावर कुणीतरी त्याला उचलून बाजेवर बसवलं. अवधूतनं त्याला मिठी मारली. अवधूतचे डोळे भरून आले होते. "लिंबाजी, इतकी वर्षं मी हे काम करतो. असं काही बघितलं नव्हतं. वाक्य विसरलास ते बरंच झालं."

लिंबाजीनं पाणी मागितलं. विजारीवर पाणी सांडून घेतलं, म्हणजे कुणाला कळू नये. मग त्यानं हळूच विचारलं, "हे दाखवणार का साहेब?"

"म्हणजे काय?"

"नगा दाखवू. ते काम न्हवतं."

अवधूत हसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून सामान आवरायला गेला.

त्यानंतरचे दिवस लिंबाजीनं कसे काढले ते चांगुणानं बघितलं. तो जेवताना दचकायचा. घागर घासल्याच्या आवाजानं उठून बसायचा. कचेरीत जिन्यावर आता सरकतही जात नसे, दुसऱ्या शिपायाला चहा पाजून त्याच्याकडून फायली आणवायचा. शेवटी त्यानं चांगुणाला सगळं सांगितलं. आपण टीव्हीवर दिसलो की साऱ्या मुलखाला कळेल, हे भेव त्याच्या छातीवर बसलं होतं. काय कळेल, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, "की मी अजून तितंच हाव."

चांगुणा म्हणाली, "त्या दिवशी आपण घराबाहेर पडायचंच न्हाई."

पण समोरच्या गिरणीवाल्या संगप्पाकडं टीव्ही होता. तोलाजीचा भाग असला की सारी गल्ली तिथं जमायची आणि संगप्पा स्वतः येऊन लिंबाजीला मानानं घेऊन जायचा. त्या संध्याकाळीही तो आला. "आज तर तुमच्या गावाकडचं हाय म्हणं. म्हातारीला बी आणा." पारूबाई तेवढ्यात काठी शोधायला लागली होती. लेकाचा आवाज टीव्हीतून येतो याचं तिला फार कौतुक होतं.

खोली भरली होती. लिंबाजी भिंतीला टेकून बसला, शेजारी चांगुणा, पुढं संगप्पाच्या बाजेवर पारूबाई. उमरवाडीचा रस्ता दिसला, टँकर दिसला, टोपी घातलेला तोलाजी दिसला आणि माणसं आधीच हसायला लागली. टोपलं खाली गेलं. मुंबईकरांनी मागं तुतारीसारखं काहीतरी वाजवलं होतं. मग त्याचा आवाज आला. वर घ्या. आरं वर घ्या की.

गल्ली हसली. संगप्पा मांडीवर हात मारून हसला. लिंबाजीनं एकेकाचं तोंड बघितलं. कुणालाही काही कळलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, आता जीव भांड्यात पडेल. उलट ती हसणारी डोकी त्याला पुन्हा विहिरीच्या काठावरची वाटली.

पारूबाई उठली. काठी तशीच बाजेला ठेवून, हात पुढं करत, बसलेल्या माणसांच्या अंगावर पाय देत ती टीव्हीकडं निघाली. "आजी, बसा खाली, दिसंना आमाला," कुणीतरी म्हणालं. ती थांबली नाही. काचेपाशी गेली आणि दोन्ही तळवे तिनं काचेवर टेकले.

"दोर धरा की कुणीतरी," ती म्हणाली. "हसायलाव काय नुसते? लेकरू दबलंय माझं."

टीव्हीत लिंबाजी 'माय वं' म्हणून ओरडला आणि म्हातारी काचेवर हात फिरवायला लागली, माती उकरावी तशी.

चांगुणानं लिंबाजीला धक्का दिला. तो उठला. माणसांमधून वाट काढून गेला आणि त्यानं मायच्या मनगटांना धरलं.

"माय, मी हितं हाव. भाईर हाव."

तिनं त्याचं तोंड चाचपलं, कान, खांदे, छाती. छातीवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. संगप्पानं हात लांब करून टीव्ही बंद केला. हसू कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही. एकेक जण चपला शोधायला लागला. ज्या बाईचं पोर रोज लिंबाजीला पाडायचं, तिनं जाताना पोराच्या पाठीत एक रट्टा घातला. ते पोर का रडायचं हे न कळून रडत गेलं.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी माधवरावांच्या टेबलापुढं उभा राहिला. "साहेब, मी आता तोलाजीचं काम करत न्हाई," तो म्हणाला. मग लहानपणी त्या विहिरीत काय झालं ते त्यानं सांगितलं, थोडक्यात, फायलीतला मजकूर वाचावा तसं.

माधवरावांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून फायलीवर ठेवला. "मला सांगायचंस की रे," ते म्हणाले.

"तुमी हसला असता, साहेब."

माधवरावांनी मान हलवली. ते हो म्हणत होते की नाही, हे लिंबाजीला कळलं नाही. पण त्यांनी त्याच्यासमोरच मुंबईला फोन लावला आणि त्याच आठवड्यात लिंबाजीचं स्टूल तळमजल्यावर आवक-जावक विभागाच्या दाराशी हलवलं.

अवधूतनं पुन्हा एकदा निरोप धाडला, मग धाडला नाही. पारूबाई पुढच्या पावसाळ्यात गावाकडं परतली. लोकांनी लिंबाजीला तोलाजी म्हणायचं सोडलं नाही, ते नाव त्याला निवृत्तीपर्यंत चिकटलं. पण गल्लीत तरी त्याची खुर्ची मागं ओढायला पुन्हा कुणी धजलं नाही.

काही महिन्यांनी 'हसरी ओसरी'त नवा तोलाजी आला. उंच, लांब हातापायांचा, कोकणातला पोरगा. संगप्पानं बोलावलं नाही तरी लिंबाजी त्या संध्याकाळी आपणहून गेला आणि दाराशी बसला. पोरगा सायकलवरून पडला, सायकल त्याच्यावर पडली, सायकलवरून कोंबड्यांचा खुराडा पडला. लिंबाजीला आधी तोंडावर हात धरावा लागला. मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला. संगप्पा वळून त्याच्याकडं बघायला लागला, काळजीनं.

घरी आल्यावर चांगुणानं विचारलं, "कसा व्हता?"

"लई भारी पडतंय पोरगं," लिंबाजी म्हणाला. मग जेवताना मधेच हात थांबवून म्हणाला, "त्याच्या खाली गादी व्हती का न्हाई, ते मात्र दिसलं न्हाई."